मागे माती पाहिजे

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. भाच्याचं, नितीनचं नाव फोनवर दिसलं. तो सकाळी दहाला कधी फोन करत नाही. "मामा, बाबा गेले," तो म्हणाला. मी म्हणालो, "बरं." एवढंच. मग समोरच्या मुलीनं विचारलं, काका, खालची ओळ वाचता येते का, आणि मी ती वाचली. त्याच्या खालचीही वाचली. फ्रेम पसंत केली, पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि मगच ऑटो करून बेसाला निघालो, नितीनच्या फ्लॅटवर. वाटेत रडू यावं म्हणून थोडा प्रयत्नही केला... आलं नाही. आज सहा आठवडे झाले, अजून आलेलं नाही. या वयात डोळे कोरडे पडतात असं डॉक्टर म्हणतात. त्याच्यासाठी त्यांनी थेंब दिले आहेत, ते मी दिवसातून तीनदा घालतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान, मनोहरराव. नागपूरच्या महाल भागात त्यांचं दोर-सुतळीचं दुकान होतं. बैलांच्या कासऱ्यापासून विहिरीच्या जाड सोलापर्यंत सगळं तिथे मिळे. पंच्याऐंशी वर्षांचे होऊन गेले, झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. तेरवीला दुकानाशेजारचे जुने भांडेवाले बोलायला उभे राहिले. म्हणाले, "लय भला माणूस. जिंदगीत एकच चूक झाली त्याच्या हातून, त्या बाईले गोळी लागली थे. पण त्याचंबी त्यानं निस्तरलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग पंगत बसली आणि मी दोनदा कढी मागून घेतली. ती गोळी भाऊजींची नव्हती. ती मी झाडली होती. हे वाक्य लिहायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली, आणि आता लिहून झालं तरी आत काही हललेलं नाही. पण हा लेख त्याच्यासाठीच आहे, तेव्हा नीट सांगतो.

त्या काळी परवाना काढून चितळाची शिकार करता येत असे. कायद्यानं बंदी यायला अजून थोडा अवकाश होता. नागपूरचे हौशी शिकारी मचाणावर बसत. झाडावर खाट बांधायची, तिच्यावर गादी, सोबत थर्मास आणि पराठे, आणि खाली जनावर आलं की वरून बार टाकायचा. त्या मचाणांचा दोर बहुतेक भाऊजींच्याच दुकानातून जायचा. विकताना ते गाठ कशी मारायची तेही दाखवायचे, पण स्वतः एकदाही मचाणावर चढले नाहीत. ते जमिनीवर बसत. पाठीला एखादं जाड झाड, समोर पळसाच्या फांद्यांचा कमरेएवढा आडोसा, आणि बसण्याआधी चिमूटभर राख सोडून वारा कुठला आहे ते पाहायचं. मी एकदा विचारलं, वर बसायला काय हरकत आहे? तर म्हणाले, "वर बसलं का माणसाले वाटते, आपण तिथं नाहीच. खाली बसलं का समजते, आपणबी आहो." मी तेव्हा बी.ए. होऊन वर्षभर घरीच होतो. भाऊजी मला जंगलात हालचाल न करता कसं बसायचं ते शिकवायचे, अंगावर मुंग्या चढल्या तरी श्वास कसा सोडायचा ते शिकवायचे, आणि ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "याले बसाले काय शिकवता, हा बसूनच तं आहे!" त्यावर भाऊजी पोट धरून हसत. मीही हसत असे, म्हणजे तेव्हा हसू येत असे.

जमिनीवरून शिकार करण्यात एक धोका आहे, तो मचाणात नाही. मचाणावरून टाकलेला बार चुकला तर मातीत जातो आणि मिटलं. जमिनीवरून टाकलेला सरळ पुढे जातो, आणि झुडपांच्या पलीकडे काय आहे ते बसलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणून भाऊजींचा एकच नियम होता. जनावराच्या पाठीमागे नाल्याची दरड किंवा शेताचा बांध असेल तरच चाप ओढायचा, नाहीतर जनावर कितीही जवळ येवो, कितीही मोठं शिंगाळं असो, जाऊ द्यायचं. "मागे माती पायजे," ते म्हणत. मागे माती नाही म्हणून त्यांनी सोडलेली चितळं मी इतकी पाहिली की मित्रांमध्ये त्यांची थट्टा करायचो, आमचे भाऊजी शिकारीला जातात की मोजणीला? त्यांच्या कानावर ते गेलं असावं. पण त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

मला पाटबंधारे खात्यात नेमणूक झाल्याचं पत्र आलं, त्या आठवड्यात भाऊजी म्हणाले, चल, या वेळी बार तू टाक. नोकरीचं बक्षीस. बंदूक त्यांची, परवाना त्यांच्या नावचा, माझ्या हाती ती देणं कायद्यात बसत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. रामटेकच्या पुढे जंगलाला लागून एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही. मोहफुलं गळायचे दिवस होते. पहाटे ती टपटप पडतात, चितळं ती खायला येतात, आणि गावच्या बायकाही टोपल्या घेऊन ती वेचायला येतात. म्हणून भाऊजींनी मोहाची झाडं सोडून मुद्दाम दूर, नाल्याच्या काठाशी जागा धरली. चांगलं उजाडलं होतं. एक नर आला, नाल्याच्या दरडीपुढे उभा राहिला, मागे सगळी मातीच माती. पण मी बंदूक खांद्याला लावेपर्यंत तो दहा पावलं पुढे सरकला आणि सपाटीवर उभा राहिला, मागे नुसती घाणेरीची झुडपं. भाऊजींचा हात माझ्या गुडघ्यावर होता. नाही म्हणायचं असलं की ते गुडघा दाबत, तशी आमची खूण ठरली होती. त्यांनी गुडघा दाबला. मी चाप ओढला... कळलं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. कळलं होतं. नर एवढा जवळ होता, आणि परत गेल्यावर मित्रांना काय सांगायचं ते माझं आधीच ठरलं होतं.

चितळ उडी मारून निघून गेलं. त्याला काहीच झालं नव्हतं. मग झुडपांमागून आवाज आला, "अवं माय वं..." फार मोठा नाही. कुणाला काटा रुतल्यावर येईल एवढाच. भाऊजींनी बंदूक माझ्या हातातून काढून घेतली आणि धावले. मी मागून गेलो. फुलं वेचून परत निघालेली एक विशीतली बाई खाली बसली होती, टोपली उलटी पडली होती, फुलं सांडली होती. काडतुसातला एक मोठा छर्रा तिच्या उजव्या कोपरात घुसला होता. ती स्वतःच्या हाताकडे बघत होती, आमच्याकडे नाही. भाऊजींनी गमछा फाडून तिचा दंड आवळला आणि वर न बघता मला म्हणाले, "बंदूक माही, लायसन माहं, बार माहा. तू इथं नव्हताच. नाल्यानाल्यानं जाय, सडकेवर एसटी भेटन." मी म्हणालो, "भाऊजी, पण..." ते म्हणाले, "तुही पोलीस चौकशी बाकी आहे नोकरीची. जाय म्हणतो ना." मी गेलो. एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली होती, हे अजून आठवतं.

बाईचं नाव बुधाबाई. भाऊजींनी तिला बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण कोपर जे आखडलं ते कायमचं. केस झाली, दंड झाला, बंदूक पोलिसांच्या मालखान्यात जमा झाली ती कायमची. मी नोकरीवर रुजू झालो. भाऊजींनी खरी गोष्ट कुणालाच सांगितली नाही, ताईलासुद्धा नाही. एकदा त्यांच्या घरी गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात होता. ताई वाढत होती, आणि बोलता बोलता भाऊजी तिला म्हणाले, तेल गरम झाल्याशिवाय फोडणी घालत जाऊ नको. साधीच गोष्ट. पण ताईच्या हातातला डाव थांबला. म्हणाली, "बाईमाणसाले गोळी घालणाऱ्यानं मले नियम सांगू नये." भाऊजींनी तेलाची वाटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. "घे गा अरुण, गोळ्यावर तेल घे, कोरडा लागते." मी तेल घेतलं. तेव्हा बोलायला हवं होतं. ताई समोर होती, भाऊजी समोर होते, नोकरी पक्की झाली होती, कुणी मला फासावर देणार नव्हतं. मी मूग गिळून जेवलो. ताई आठ वर्षांपूर्वी गेली. नवऱ्याबद्दल जे खोटं तिला आयुष्यभर खरं वाटलं, ते तसंच घेऊन गेली.

दर वर्षी मोह गळायला लागला की भाऊजी तीन दिवस दुकान बंद ठेवत आणि त्या गावी जात. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला विचारलं, "चालतो का?" मी म्हणालो, ऑडिट आहे. ऑडिट नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तिथे जाऊन ते काय करतात, हे मी कधी विचारलं नाही. काही मदत देत असतील, असं धरून चाललो. ते मला कधी टोचून बोलले नाहीत, की उपकार केल्यासारखं वागले नाहीत. तसं वागले असते तर बरं झालं असतं. मला त्यांच्यावर रागवायला तरी जागा मिळाली असती. उलट दिवाळीला माझ्या मुलांना फुलबाज्या आणायचे, मला बढती मिळाली तेव्हा महालातून पेढे घेऊन सायकलवर आले. पुढे म्हातारपणी नितीननं त्यांना हौसेनं सफारीला नेलं. उघड्या जीपमधून चितळांचे कळप दाखवले. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाले, "काही नाही गा, मचाणाले चाकं लावले." घरभर हशा पिकला. असा माणूस होता, आणि आपण सगळे त्याला त्या एका चुकीनं ओळखत आलो.

त्यांची माझी शेवटची भेट ते जाण्याच्या दहा दिवस आधीची. बेसाच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून ते बसले होते, पायांवर सूज होती. मी घरून ठरवून गेलो होतो की आज हे बोलायचं. निदान त्यांच्याशी तरी बोलायचं, की मी सांगतो आता सगळ्यांना. चहा झाला. मी म्हणालो, "भाऊजी, ते बुधाबाईचं..." त्यांनी मला पुढे जाऊ दिलं नाही. म्हणाले, "यंदा मोह लवकर गळन म्हनते. माह्यानं काही जाणं होत नाही आता." मग बाहेरच्या बांधकामाकडे पाहत, "तू जातं का?" पन्नास वर्षांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी म्हणालो, "पाहू." माझं पाहू म्हणजे नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

तेरवीनंतर दोन आठवड्यांनी नितीन म्हणाला, "मामा, बुधाबाईले कोणी सांगतलं नसन. थे वाट पाहून राहिली असन." मागची काही वर्षं तोच भाऊजींना गाडीनं सोडून यायचा. मी म्हणालो, मी येतो. कामठीच्या पुढे गाडी मोकळ्या रस्त्याला लागली तेव्हा मी त्याला सांगितलं. जसं वर लिहिलं आहे तसंच, गुडघ्यासकट. तो गाडी चालवत राहिला. टोलनाका आला, गेला. मग त्यानं एवढंच विचारलं, "आईले माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही." त्यानं काच खाली केली आणि पुन्हा वर केली. मला वाटलं तो गाडी थांबवेल, ओरडेल, उतरा म्हणेल. काही वेळानं म्हणाला, "मांगं पाण्याची बाटली आहे, पाहिजे असन तं."

गावात पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बुधाबाई आता माझ्याच वयाची, वाळलेली, पांढऱ्या केसांची. अंगणात चटयांवर मोहफुलं वाळत होती, सगळीकडे तो गोड आंबूस वास. गाडी ओळखून ती पुढे आली आणि माझ्याकडे न बघता मागच्या सीटवर वाकून पाहू लागली. "दोरवाले भाऊ नाही आले?" नितीन म्हणाला, "बाबा गेले, मावशी." ती तिथेच, गाडीच्या चाकाशी खाली बसली. मग म्हणाली, "मले वाटलंच. फुलं पडून आठ दिवस झाले अन् थो आला नाही, असं कदी झालं नाही."

तिनं आम्हाला ओसरीवर नेलं, पाणी दिलं. नितीन गाडीत फोन राहिला म्हणून बाहेर गेला आणि परत आला नाही. त्याला ते ऐकायचं नसावं. मी बुधाबाईला सांगितलं. माझं नाव सांगितलं, कोण ते सांगितलं, आणि म्हणालो, "तुमच्या हाताला लागलेली गोळी त्यांची नव्हती. माझी होती. त्यांनी मला नको म्हटलं होतं, तरी मी टाकली. आणि मग पळून गेलो." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तयारी करून आलो होतो, ती शिव्या देईल, रडेल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. या तिन्हींची उत्तरं मी गाडीत जुळवून ठेवली होती.

ती म्हणाली, "मंग थो काहून येत होता?"

मी विचारलं, ते इथे येऊन काय करत? "वेचे," ती म्हणाली. "मले एका हातानं किती होते? तीन दिवस सकाळच्या पारी माह्यासंगं फुलं वेचे. पयल्या सालीच आला, माह्या मालकानं हाकलून देल्लं. दुसऱ्या सालीबी हाकललं. तिसऱ्या साली टोपलीच घेऊन झाडाखाली जाऊन बसला, मंग मालक काय बोलन? मालक मेले, पोरं शहरात गेले, थो येतच होता. मागच्या साली गुडघे वाकत नव्हते त्याचे, तं बसूनबसून सरके." तिनं आखडलेला हात मांडीवर घेतला. "मी त्याले बोललीबी होती एकडाव. भाऊ, झालं गेलं, मी माफ केलं तुले, आता नोको येऊ. तं हासला नुसता. अन् दुसऱ्या साली आला." मग म्हणाली, "थे माफी तं त्याले देल्ली न मी. त्याले तं ते लागतच नव्हती... तुमी कुठं होते?"

"नागपूरला," मी म्हणालो. "ऑफिसात."

"पन्नास वर्सं?"

"हो."

ती आत गेली. मला वाटलं, आता जायला सांगण्याची ही रीत असेल, म्हणून मी उठलो. माझ्या आत काय होत होतं ते लिहावंसं वाटतं, पण खरं सांगायचं तर काहीच होत नव्हतं. अंगणातल्या कोंबड्या दिसत होत्या, चटईवरची फुलं दिसत होती, नव्या चष्म्यातून सगळं फार स्वच्छ दिसत होतं. मला लाज वाटायला हवी होती, आणि ती कुठेतरी असावीही, पण माझ्यापर्यंत पोहोचत नव्हती. तेवढ्यात ती बाहेर आली. तिच्या डाव्या हातात बांबूची एक लहान टोपली होती, धुऊन पुसून ठेवलेली, काठ हात लागून लागून काळा गुळगुळीत झालेला. "हे त्याची," ती म्हणाली. "मालकानं विणून देल्ली होती. दुसऱ्या कोणाले मी हात लावू देत नाही." आणि ती तिनं माझ्या हातात दिली.

फाटकातून नितीननं हाक मारली, "मामा, निघाचं?" मी टोपली धरून उभा होतो. म्हणालो, "तू जा." तो थोडा वेळ माझ्याकडे आणि टोपलीकडे बघत राहिला, मग गाडी वळवून गेला. बुधाबाईनं ओसरीवरची चटई झटकली आणि माझ्यासाठी अंथरली. माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आत जाता जाता एवढंच म्हणाली, "उद्या जल्दी उठजा. ऊन तपाच्या आंधी वेचा लागते."